व्हर्च्युअल मशीनमधली 'रीड-ओन्ली' डिस्क: जुना डेटा न बिघडवता कसा उघडायचा?

जुना कॉम्प्युटर बंद पडला, पण त्यातली हार्ड डिस्क चालू आहे. तिच्यात दहा-बारा वर्षांचे फोटो आहेत, दुकानाचे हिशेब आहेत आणि दुसरी प्रत कुठेच नाही. अशी डिस्क नव्या कॉम्प्युटरवर व्हर्च्युअल मशीनमध्ये उघडता येते. धोका एकच: नुसतं उघडल्यानेही डिस्कवर काहीतरी लिहिलं जाऊ शकतं. उदाहरणार्थ, विंडोज नव्याने जोडलेल्या डिस्कवर 'सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन' हे फोल्डर न विचारता तयार करतं. हे टाळायचं तर डिस्क 'रीड-ओन्ली', म्हणजे फक्त वाचण्यापुरती जोडावी लागते.

क्यूइमूमध्ये हे कसं होतं?

क्यूइमू हे खऱ्या कॉम्प्युटरची हुबेहूब नक्कल करणारं मोफत सॉफ्टवेअर आहे. फ्रेंच प्रोग्रॅमर फॅब्रिस बेलार यांनी ते २००३ मध्ये आणलं. त्यात डिस्क जोडताना 'रीडओन्ली=ऑन' असं लिहिलं की दोन गोष्टी होतात. पहिली, डिस्कची फाइल फक्त वाचण्यासाठी उघडली जाते. दुसरी, आतल्या ऑपरेटिंग सिस्टिमला 'या डिस्कवर लिहिता येणार नाही' असं कळवलं जातं. हे कळवलं नाही, तर ती लिहायला जाते आणि एकामागून एक एरर येत राहतात.

मग कधीकधी मशीन सुरूच का होत नाही?

फ्लॉपीला लिहिणं बंद करणारी खिटी असायची, एसडी कार्डालाही तशी असते. सीडी-रॉम तर मुळातच वाचण्यापुरती. स्कझी, यूएसबी आणि व्हर्ट-आयओ डिस्कनाही आपण रीड-ओन्ली असल्याचं सांगता येतं. क्यूइमूमधल्या आयडीई किंवा साटा हार्ड डिस्कला मात्र ही सोय नाही. त्यामुळे अशी डिस्क रीड-ओन्ली जोडली, तर क्यूइमू एरर देऊन थांबतं. हा बिघाड नव्हे. तीच डिस्क व्हर्ट-आयओ, स्कझी किंवा यूएसबी म्हणून जोडली की काम होतं.

त्याच डिस्कवरून जुनी विंडोज चालवायची असेल तर?

चालू असताना विंडोजला सतत काही ना काही लिहावं लागतं. कुलूपबंद डिस्कवरून ती नीट सुरू होत नाही. अशा वेळी लिहिणं थांबवण्याऐवजी दुसरीकडे वळवतात.

- स्नॅपशॉट=ऑन: सगळे बदल तात्पुरत्या फाइलमध्ये जातात आणि मशीन बंद करताच पुसले जातात.
- क्यूकाऊ-२ ओव्हरले: बदल वेगळ्या फाइलमध्ये कायम राहतात. मूळ डिस्क खाली फक्त वाचली जाते.

दोन्हींत 'कमिट' ही आज्ञा जपून वापरावी. ती हे बदल मूळ डिस्कमध्ये उतरवते. ओव्हरले तयार केल्यावर मूळ फाइलमध्ये परस्पर बदल केला, तर ओव्हरले निकामी होऊ शकतो. व्हर्च्युअलबॉक्समध्ये याच कामासाठी 'इम्यूटेबल' डिस्कचा पर्याय आहे.

आतून 'रीड-ओन्ली' केलं तर चालेल का?

तेवढ्यावर विसंबू नये. लिनक्समधली ईएक्सटी-४ फाइल सिस्टिम रीड-ओन्ली माउंट केली, तरी अर्धवट राहिलेल्या नोंदी, म्हणजे जर्नल, आधी पूर्ण करते. म्हणजेच डिस्कवर लिहिते. कुलूप बाहेरून, क्यूइमूकडून लावलेलं असेल तर तिला लिहिता येत नाही. मग जर्नल अर्धवट असल्यास ती माउंट व्हायलाच नकार देते. तिथे 'नोलोड' हा पर्याय द्यावा लागतो.

सगळ्यात सुरक्षित क्रम

खरी डिस्क जोडताच मुख्य कॉम्प्युटरच ती आपोआप माउंट करू शकतो. तसं झालं तर क्यूइमूचं कुलूप उशिरा लागतं. म्हणून ऑटो-माउंट आधी बंद करावं, मग डिस्कची पूर्ण इमेज काढावी आणि मूळ डिस्क कपाटात ठेवावी. पुढचे सगळे प्रयोग इमेजवर, तेही रीड-ओन्ली किंवा ओव्हरले लावूनच करावेत.