धरमपेठेतला काळा शुक्रवार

गेल्या नोव्हेंबरात दादरची आत्या आमच्याकडे धरमपेठेत आली होती. संध्याकाळी वेस्ट हायकोर्ट रोडवर स्वेटर घ्यायला निघालो, तर एका दुकानावर काळंकुट्ट बॅनर: ‘ब्लॅक फ्रायडे! फ्लॅट ५० टक्के ऑफ’. आत्या थबकली. म्हणाली, “हे कसलं गं नाव? वर्षश्राद्धाला कुणी सेल लावतं का?”

तिचा काळा शुक्रवार म्हणजे १२ मार्च १९९३. दुपारी दीडच्या सुमारास मुंबई शेअर बाजारात पहिला स्फोट झाला आणि मग एकामागून एक होतच गेले. २५७ माणसं गेली. एक बॉम्ब दादरच्या प्लाझा सिनेमापाशी फुटला. आत्या तिथून दोन गल्ल्या पलीकडे राहायची. हुसेन झैदींच्या पुस्तकाचं आणि त्यावरच्या, २००७ साली लागलेल्या अनुराग कश्यपच्या सिनेमाचं नाव हेच. नागपूरलाही ते प्रकरण परकं नाही. याकूब मेमनला ३० जुलै २०१५ रोजी फाशी झाली ती इथल्याच मध्यवर्ती कारागृहात.

दुकानदार भला माणूस. “मावशी, तसं नाही जी. तिकडे तोटा लाल शाईनं लिहितात, नफा काळ्या. या शुक्रवारी दुकानं नफ्यात येतात, म्हणून ब्लॅक.”

मीही बरीच वर्षं हेच खरं मानत होते. पण ही गोष्ट मागाहून चिकटवलेली आहे. अमेरिकेत १८६९ साली सोन्याचा बाजार कोसळला, तो दिवस ‘ब्लॅक फ्रायडे’. १९५१ साली एका कारखानदारीच्या मासिकानं तोच शब्द थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी आजारी पडणाऱ्या कामगारांसाठी वापरला. सेलशी नातं जुळलं ते फिलाडेल्फियात. गुरुवारी सण, शनिवारी लष्कर विरुद्ध नौदल असा फुटबॉलचा सामना, आणि मधल्या शुक्रवारी खरेदीला अख्खं शहर रस्त्यावर. पोलिसांना सुट्टी नाही, वाहतूक तुंबलेली. त्यांनी वैतागून दिलेलं हे नाव! दुकानदारांना ते इतकं झोंबलं की १९६१ साली त्यांनी ‘बिग फ्रायडे’ असं बारसं करून पाहिलं. कुणी ऐकलं नाही. मग १९८०च्या दशकात ही काळ्या शाईची गोष्ट पसरली आणि शिवीचं भूषण झालं.

आपल्याकडे ना थँक्सगिव्हिंग, ना त्या गुरुवारची सुट्टी. नुसता शुक्रवार आला, तोही मोबाइलच्या नोटिफिकेशनमधून. आणि शाईची गोष्ट तर इथे उलटीच पडते. लक्ष्मीपूजनाला मांडायची वही लाल कापडाची, तिच्यावर कुंकवाचं स्वस्तिक. काळा असतो तो बाजार, नाहीतर पैसा. (जाता जाता: ‘फ्लॅट’ म्हणजे सगळ्यावर सरसकट सूट. ‘अपटू’ असेल तर जास्तीत जास्त तेवढी, आणि तो शब्द बहुतेक वेळा आकड्याच्या कडेला मुंगीएवढा असतो.)

दुकानदारावर माझा राग नाही. वरून आलेलं बॅनर त्यानं लावलं. ‘सरसकट निम्म्या किमतीत’ लिहिलं असतं तरी गर्दी झालीच असती, असं मात्र मला वाटतं.

आत्यानं राखाडी स्वेटर घेतला. बिलाच्या माथ्यावर काळ्या पट्टीत तेच नाव छापलेलं होतं. तिनं बिल काउंटरवरच ठेवलं.

“बदलून घ्यायचा झाला तर लागेल जी,” तो म्हणाला.

“नाही लागणार,” आत्या म्हणाली आणि पायऱ्या उतरली.