किलकेनीहून ॲटलसच्या डोंगरात

तुमच्यापैकी जे किलकेनीत किंवा आसपास राहतात, त्यांच्यातलं कुणी ना कुणी या हिवाळ्यात मोरोक्कोला जाईलच. डब्लिनहून मराकेशला थेट विमान आहे, आणि आयर्लंडच्या पावसाला कंटाळलेल्या माणसाला तेवढं कारण पुरतं. मराकेशमध्ये गल्लोगल्ली पाट्या दिसतील: डोंगरातलं अस्सल बर्बर गाव, एका दिवसाची सहल. गाडी बहुतेक वेळा इम्लीलला नेते. अंतर साठ-पासष्ट किलोमीटर, गावाची उंची १७४० मीटर, डोक्यावर ४१६७ मीटरचं तुबकाल शिखर. अक्रोडाची झाडं, उतारावर पायऱ्यापायऱ्यांची शेतं, दगडमातीची घरं, पुदिन्याचा चहा. जरूर जा. पण असं गाव 'बघायला' जाण्याची ही रीत आली कुठून, याचा एक धागा तुमच्या किलकेनीतूनच जातो. तो आधी सांगतो.

सुरुवात नावापासून करू. 'बर्बर' हे त्या लोकांनी स्वतःला दिलेलं नाव नाही. ज्याची भाषा कळत नाही तो 'बार्बारोस', असं ग्रीक म्हणायचे, आणि हे नाव त्याच शब्दातून आलं असं साधारणपणे मानतात. आपल्या महाभारतातही बर्बर नावाचे परके लोक येतात, आणि मराठीत 'बर्बरता' म्हटलं की काय डोळ्यांसमोर येतं हे सांगायला नको. ते लोक स्वतःला अमाझिग म्हणवतात, अनेकवचनी इमाझिगेन. त्याचा अर्थ 'स्वतंत्र माणसं' असा सांगतात. इम्लीलकडे बोलतात त्या भाषेचं नाव ताशेलहित.

किलकेनीकराला भाषेचं राजकारण नवीन नसावं. १३६६ मध्ये याच गावात भरलेल्या पार्लमेंटने कायदे केले: इथे वसलेल्या इंग्रजांनी आयरिश बोलू नये, आयरिश लोकांशी सोयरीक करू नये, त्यांचे खेळ खेळू नयेत. गंमत म्हणजे इंग्रजीपण टिकवणारे हे कायदे लिहिले होते फ्रेंचमध्ये. आणि नको असलेल्या खेळांत काठीने चेंडू मारण्याचा खेळ होता. आज हर्लिंगमध्ये देशात सर्वाधिक अजिंक्यपदं कुणाकडे आहेत, ते शेजाऱ्याला विचारा! मोरोक्कोत अमाझिग भाषेला राज्यघटनेत अधिकृत दर्जा मिळायला २०११ उजाडलं.

आता तो धागा. जुलै १८३५ मध्ये अलेक्सी द तोकव्हिल नावाचा फ्रेंच लेखक किलकेनीत आला. वय तिशीला टेकलेलं. अमेरिकेतल्या लोकशाहीवरच्या त्याच्या पुस्तकाचा पहिला भाग त्याच वर्षी निघाला होता. सोबत मित्र गुस्ताव द बोमाँ. दोघांनी कोर्टाचं कामकाज बघितलं, आणि तोकव्हिलने कॅथलिक बिशप विल्यम किन्सेला यांच्याशी लांबलचक बोलणं केलं. त्याची टिपणं सवाल-जवाबासारखी आहेत. तो विचारतो आणि गप्प बसतो. जमीनदार, शाळा, धर्मगुरू आणि लोक यांचं नातं, सगळं समोरच्याच्या तोंडून येतं. गरिबी बघून तो आळशीपणाला दोष देत नाही. जमीन कुणाच्या हातात आहे आणि कायदा कुणाचा आहे, तिकडे बोट दाखवतो. परक्या सत्तेखाली भरडलेल्या गावाकडे त्या काळी इतक्या स्वच्छ नजरेने बघणारे प्रवासी थोडेच होते.

तरीही त्याच्या टिपणांत एक आवाज नाही. किलकेनीपासून जेमतेम पंधरा-सोळा किलोमीटरवर कॅलनमध्ये आवलीव ओ सुलाव्हान नावाचा शाळामास्तर आणि कापडाचा व्यापारी राहायचा. १८२७ ते १८३५ या काळात त्याने आयरिश भाषेत रोजनिशी लिहिली. हवामान, पक्षी, बाजारभाव, बटाटा संपल्यावरची भूक, गावाबाहेरच्या झोपड्या, आणि धर्मगुरूंकडचं चमचमीत जेवणही. तोकव्हिल बिशपांशी, वकिलांशी बोलला, तेही इंग्रजीत. आवलीवच्या शेजाऱ्यापर्यंत पोचायला वेगळी भाषा लागली असती.

दोनच वर्षांनी, १८३७ मध्ये, तोकव्हिलने अल्जीरियावर दोन पत्रं छापली. फ्रान्सने अल्जीयर्स १८३० मध्ये घेतलं होतं. तोकव्हिलने तोवर आफ्रिकेत पाऊलही ठेवलं नव्हतं, तरी काबिल, म्हणजे तिथल्या डोंगरातल्या अमाझिग लोकांचं चित्र त्याने ठसठशीत काढलं: घर-शेत धरून राहणारे, छोट्या छोट्या जमातींत आपला कारभार आपणच बघणारे, स्वातंत्र्याला जपणारे. कौतुकच आहे. आणि त्या कौतुकाच्या पाठोपाठ हिशेब येतो. यांचा डोंगर बंदुकीने घेणं अवघड, पण यांना चीजवस्तूंची आवड आहे, तेव्हा व्यापाराची वाट उघडी आहे.

१८४१ मध्ये तो बोमाँसोबत प्रत्यक्ष अल्जीरियात गेला आणि आजारी पडून परतला. त्यानंतरच्या टिपणात उभी पिकं जाळणं, धान्याची पेवं रिकामी करणं, निःशस्त्र माणसं, बायका आणि मुलं पकडणं, या त्याने दुर्दैवी पण आवश्यक गोष्टी ठरवल्या. माणूस तोच आणि सोबतीही तोच. मग बदललं काय? माझ्या मते उत्तर सरळ आहे. किलकेनीत सत्ता इंग्रजांची होती, त्याला तिथे काही राखायचं नव्हतं. अल्जीरियात सत्ता त्याच्या देशाची होती. प्रवाशाची नजर त्याच्या मनाच्या मोठेपणापेक्षा त्याच्या हितसंबंधांवर जास्त अवलंबून असते, असं या दोन टिपणांवरून म्हणावं लागतं. १८५७ मध्ये काबिलिया फ्रेंचांच्या हाती गेला. पुढे 'काबिल हे अरबांपेक्षा वेगळे, आपल्याला जवळचे' हे कौतुक वसाहतीच्या राजकारणात फूट पाडायला चांगलंच कामी आलं.

मोरोक्कोत तर पाहुणचाराचाच नकाशा झाला. १८८३-८४ मध्ये शार्ल द फूको हा माजी फ्रेंच लष्करी अधिकारी ज्यू धर्मगुरूचा वेश घेऊन देशभर फिरला. परक्यांना मज्जाव असलेल्या भागांत लोकांच्या घरी राहिला आणि लपवलेल्या वहीत मोजमापं टिपत गेला. १८८८ चं त्याचं पुस्तक पुढे फ्रेंच लष्कराला उपयोगी पडलं.

हे सगळं 'त्यांचं' आहे असं समजू नका. पेशवाई बुडाल्यावर दोनच वर्षांत टॉमस कोट्स या इंग्रजी डॉक्टरने पुण्याजवळच्या लोणी गावाचं वर्णन मुंबईच्या लिटररी सोसायटीपुढे ठेवलं. घरं, अवजारं, कपडे, जेवण, कर्ज, सगळं तपशिलात. आज ते आपल्याला अमोल वाटतं, आणि आहेच. पण ते लिहिलं गेलं नव्याने हाती आलेला मुलूख समजून घ्यायला. सव्वाशे वर्षांनी समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये पुन्हा त्याच लोणीकडे वळले, त्यावर त्यांचं पुस्तकही आहे. मधल्या काळात, १९१५ मध्ये, त्रिं. ना. आत्रे यांचं 'गाव-गाडा' आलं. आत्रे सरकारी नोकर होते, पण मराठीतून लिहीत होते, आणि गावावर रागवायचा हक्क त्यांच्याकडे होता. पाहुण्याकडे तो नसतो.

आता तुमची सहल. 'काळ थांबलेलं गाव' असं गाईड म्हणेल. पण या डोंगरातला काळ चांगलाच धावलेला आहे. १९६० च्या दशकात फेलिक्स मोरा नावाचा माजी फ्रेंच सैनिक दक्षिण मोरोक्कोतल्या अमाझिग गावांत कोळसा खाणींसाठी माणसं निवडत फिरायचा. तरुणांना रांगेत उभं करून छातीवर शिक्का मारायचे: हिरवा म्हणजे पास, लाल म्हणजे परत जा. असे हजारो जण उत्तर फ्रान्सच्या खाणीत उतरले. (किलकेनीतलीच कॅसलकोमरची कोळसा खाण १९६९ मध्ये बंद पडली, तिथल्या संग्रहालयात एकदा जाऊन या.) गावं या पैशावर उभी राहिली, जसं आपलं कोकण मुंबईच्या मनीऑर्डरवर.

'परंपरा' हवी असेल तर ती गालिच्यात कमी आणि कारभारात जास्त सापडेल. इम्लीलजवळच्या उकाईमेदेनची उंचावरची कुरणं मार्चच्या मध्यापासून १० ऑगस्टपर्यंत चराईला बंद असतात. ठरलेल्या दिवशी सगळ्यांनी एकदमच गुरं वर न्यायची. याला अगदाल म्हणतात. हिवरे बाजारची चराईबंदी आठवा. पाटाच्या पाण्याच्याही पाळ्या ठरलेल्या असतात, आणि पाण्याच्या पाळीवरून भांडणं कशी होतात हे अहिल्यानगर-सोलापूरच्या माणसाला वेगळं शिकवायला नको.

आणि भूकंप. ८ सप्टेंबर २०२३ च्या रात्री ६.८ तीव्रतेच्या धक्क्याने या भागातली गावंच्या गावं कोसळली. २९०० हून अधिक माणसं गेली. दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचं जड सपाट छप्पर. मराठीत याला शब्द आहे, माळवद. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत आणि आसपास हजारो माणसं अशाच माळवदांखाली गाडली गेली. नंतर लातूर-उस्मानाबादमधली ५२ गावं नव्या जागी हलवली गेली: सरळ रस्ते, चौकोनी प्लॉट, लांब लांब घरं. भिंती मजबूत झाल्या, पण गल्ली, ओसरी, शेजार विस्कटला, अशी तक्रार तिथे वर्षानुवर्षं ऐकू येत राहिली. ॲटलसमध्येही आता तोच वाद आहे: मातीचंच घर सुधारून बांधायचं, की सिमेंटचं घ्यायचं? उन्हाळ्यात सिमेंटचं घर तापतं, हिवाळ्यात गारठतं, आणि तरीही ज्याचं माणूस माळवदाखाली गेलं, तो मातीचं नाव काढू देत नाही.

तेव्हा वाटेवर सिमेंटचं नवं घर दिसलं तर ते फोटोच्या चौकटीबाहेर ढकलू नका. यजमान स्वतःहून बोलू लागले तर विचारा: जुनं घर कुठे होतं, पैसे कुठून उभे केले, नवं छप्पर कशाचं केलं. किल्लारीचं नाव त्यांनी ऐकलेलं नसेल, ते तुम्ही सांगा. उठताना चहाबद्दल 'तनमिर्त' म्हणा, ताशेलहितमध्ये आभाराला हाच शब्द आहे.