खोडदच्या तीस डिश आणि अवस्थांचा हिशेब

गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या आणि २००१ मध्ये राष्ट्राला अर्पण झालेल्या महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीची ख्याती तिने टिपलेल्या आकाशामुळे आहे. परंतु जुन्नर तालुक्यातील खोडद येथे असलेल्या तिच्या नियंत्रण कक्षाकडे सॉफ्टवेअरच्या इतिहासाच्या अंगाने पाहिले, तर वेगळाच प्रश्न समोर येतो. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिशपैकी १४ मध्यभागी एकवटल्या आहेत आणि १६ तीन भुजांवर सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. या साऱ्यांचा कारभार पडद्यापुढे बसलेल्या चालकाने पाहायचा, तर तो पडदा केव्हा काय दाखवील आणि कोणती आज्ञा नाकारील, हे आधी कागदावर कसे उतरवावे?

संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नास यांनी १९६९ मध्ये यासाठी संक्रमण-आकृती सुचवली होती. यंत्राची प्रत्येक अवस्था म्हणजे एक वर्तुळ, आणि वापरणाऱ्याच्या कृतीने एका अवस्थेतून दुसरीत होणारा बदल म्हणजे एक बाण, अशी ती साधी मांडणी होती. लहान यंत्राला ती पुरते. पण प्रत्येक डिशच्या चालू आणि बंद अशा दोनच अवस्था धरल्या, तरी ३० डिशच्या एकत्रित अवस्था १०७ कोटींवर जातात, आणि तेवढी वर्तुळे काढणे कोणालाही शक्य नाही.

ही कोंडी डेव्हिड हॅरेल यांच्या स्टेटचार्टने फोडली. इस्रायलच्या विमान उद्योगातील कामातून सुचलेली ही पद्धत १९८७ मध्ये सविस्तर प्रसिद्ध झाली. तिच्यात एका अवस्थेच्या पोटात दुसऱ्या अवस्था बसतात आणि स्वतंत्र भाग शेजारी शेजारी एकाच वेळी चालतात, त्यामुळे वरचा आकडा ६० अवस्थांवर येतो. डिश स्रोताकडे वळत असो की त्याचा मागोवा घेत असो, वादळी वारा सुटला की तिला सुरक्षित स्थितीत न्यायचे, हा नियम प्रत्येक उपअवस्थेपाशी पुन्हा न लिहिता ‘कार्यरत’ या बाहेरच्या चौकटीवरून निघणाऱ्या एकाच बाणाने सांगता येतो. इयन हॉरॉक्स यांनी १९९९ च्या पुस्तकात हीच पद्धत थेट पडद्यांच्या रचनेला लावली. तरीही व्यवहारात आधी पडद्याचे चित्र काढायचे आणि वागणूक मागाहून ठरवायची हीच चाल टिकली, कारण चित्र ग्राहकाला लगेच दाखवता येते आणि बाणांचे जाळे दाखवता येत नाही.

खोडदची दुर्बीण चालवणाऱ्या पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने पुढे स्क्वेअर किलोमीटर अ‍ॅरे या आंतरराष्ट्रीय दुर्बिणीच्या नियंत्रण व्यवस्थेच्या आराखड्याचे नेतृत्व केले, तेव्हा ‘टँगो’ ही नियंत्रण प्रणाली त्या प्रकल्पाने स्वीकारली. ग्रेनोबलच्या सिंक्रोट्रॉन केंद्रात आकारास आलेल्या या प्रणालीत उपकरणाच्या १४ अवस्था आधीच ठरवून दिलेल्या असून, प्रत्येकीला ठरावीक रंगही दिलेला आहे: चालूला हिरवा, बिघाडाला लाल, ‘अज्ञात’ला राखाडी. त्यांत ही शेवटची सर्वांत शहाणपणाची म्हणावी लागेल, कारण दूरच्या डिशशी संपर्क तुटल्यावर पडद्याने शेवटचा हिरवा रंग तसाच दाखवत राहणे हे बिघाडाहूनही घातक असते, आणि चित्रापासून सुरुवात करणारा रचनाकार नेमकी हीच अवस्था विसरतो.