जुन्या घड्याळांचे अंतरंग

आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त पन्नास वर्षांचा जमाखर्च मांडण्याचे काम अधिकारी लेखण्या करतीलच. आम्ही मात्र पन्नास वर्षांहून थोडा अधिक काळ मोजणाऱ्या एका लहानशा यंत्राविषयी चार शब्द लिहिण्याचे योजिले आहे. हे यंत्र म्हणजे आमच्या वडिलांचे मनगटी घड्याळ होय.

आमचे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, सातारा जिल्ह्यात शाळामास्तर होते. १९७२ साली त्यांनी एच.एम.टी.चे 'जनता' घड्याळ घेतले. अण्णा गेल्यावर ते आमच्याबरोबर गुरुग्रामला आले आणि बंद पडून कपाटात राहिले. गेल्या हिवाळ्यात ते चालू करावे असे मनात आले. एका दुकानदाराने सल्ला दिला, की तबकडी आणि काटे तेच ठेवू, आत सेलवर चालणारे नवे मशीन बसवू. खर्च कमी आणि कटकटही नाही. आम्ही जवळजवळ होकार देऊन बसलो होतो. मंडळातील एका वडीलधाऱ्या स्नेह्यांनी आम्हांस थांबविले आणि सदर बाजारातील एका वृद्ध घड्याळजींकडे धाडले.

त्यांनी मागचे झाकण उघडले, डोळ्यावरचे भिंग काढून आमच्या हाती दिले आणि आत पाहण्यास सांगितले. वयाची पन्नाशी उलटेपर्यंत घड्याळाचे अंतरंग आम्ही कधी पाहिले नव्हते!

जे दिसले ते असे. एका डबीत गुंडाळलेली पोलादी पट्टी हा सर्व शक्तीचा साठा. सकाळी आपण चावी देतो ती या पट्टीला. ती उलगडू पाहते आणि तिचा जोर दातेरी चाकांच्या मालिकेतून पुढे जातो. त्यांतील मिनिटकाट्याचे चाक तासाला एक फेरा घेते, तर सेकंदकाट्याचे मिनिटाला. हा जोर मोकळा सोडला तर सारी चाके क्षणार्धात गरगरून थांबतील. म्हणून शेवटी एक चिमुकला लिव्हर पहारा देत उभा असतो. तो एका वेळी एकच दाता सुटू देतो. त्याला हुकूम देणारे बॅलन्स चक्र केसासारख्या बारीक स्प्रिंगच्या तालावर मागे-पुढे झुलते. तासाला १८,००० ठोके, म्हणजे सेकंदाला पाच आणि दिवसाला ४ लाख ३२ हजार. आपण ज्याला टिकटिक म्हणतो, तो वस्तुतः अडविण्याचा आणि सोडण्याचा आवाज आहे.

चाकांच्या आसांखाली माणिकाचे लालबुंद खडे चमकत होते. 'जनता'त असे १७ खडे असतात. ते शोभेसाठी नव्हेत. पोलादी आस कठीण, गुळगुळीत माणकात फिरला म्हणजे झीज फार कमी होते. ही युक्ती १७०४ सालापासूनची. १९०२ साली फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ व्हेर्नेई यांनी कृत्रिम माणिक घडविण्याची रीत प्रसिद्ध केली आणि मास्तराच्या मनगटावरही माणके येण्याची वाट मोकळी झाली. उंची स्विस घड्याळांच्या आतील पट्ट्यांवर समांतर रेषांची नक्षी काढलेली असते. 'जनता'त तसले काही नाही. पण प्रत्येक भाग आपापल्या जागी, नेमका आणि निरलंकार. ज्या जागी ग्राहकाची दृष्टी कधीच पोहोचायची नाही, तेथेही कारागिराने हयगय केली नव्हती. आमच्या मते या यंत्राचे खरे सौंदर्य हेच.

हे यंत्र आपल्याकडे आले त्याचा इतिहासही मनोरंजक आहे. आपल्या पूर्वजांचा काळ घटिकापात्राने मोजला जाई. तळाला छिद्र असलेले भांडे पाण्यावर तरंगत ठेवावे, ते भरून बुडाले की एक घटिका, म्हणजे २४ मिनिटे, झाली. लग्नाचा मुहूर्त त्यावरून साधीत. युरोपात डच शास्त्रज्ञ ह्यूगेन्स यांनी १६७५ साली बॅलन्स चक्राला बारीक स्प्रिंग जोडून दाखविली आणि खिशातले घड्याळ विश्वासार्ह होऊ लागले. मुंबईत १८७८ साली राजाबाई टॉवर पुरा झाला. प्रेमचंद रायचंद यांनी आपल्या मातोश्रींच्या नावाने त्यासाठी देणगी दिली होती. १ जानेवारी १९०६ रोजी देशभर एक प्रमाणवेळ सुरू झाली, तेव्हा मुंबईच्या घड्याळांना एकदम ३९ मिनिटे पुढे जाणे भाग होते. मुंबईकरांना ही परक्या सरकारची जबरदस्ती वाटली आणि 'मुंबई वेळ' त्यांनी पुढे कित्येक दशके हट्टाने जपली.

त्या काळची घड्याळे स्वित्झर्लंडहून येत. फाव्हर-ल्यूबा आणि वेस्ट एंड वॉच कंपनी या नावांचा दबदबा मुंबईच्या बाजारात एकोणिसाव्या शतकापासूनचा. वेस्ट एंडचे 'सोवार', म्हणजे स्वार, पहिल्या महायुद्धात हिंदी फौजेतील सैनिकांच्या मनगटावर होते. परंतु सामान्य माणसाला असले घड्याळ बहुधा लग्नात सासऱ्याकडूनच मिळायचे! ही स्थिती पालटली ती १९६१ साली. केंद्र सरकारच्या एच.एम.टी.ने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूर येथे घड्याळे बनविण्यास आरंभ केला. 'जनता' हे नावच त्यामागील उद्देश सांगते.

आता पुन्हा सदर बाजाराकडे वळू. घड्याळजींनी झाकण उलटे करून आतल्या बाजूस सुईने कोरलेल्या बारीक खुणा दाखविल्या. घड्याळ उघडून साफ केले, की दुरुस्त करणारा तेथे आपली खूण आणि साल कोरून ठेवतो. आमच्या घड्याळात तीन साले होती : ७६, ८१ आणि ९३. दर चार-पाच वर्षांनी तेल बदलले पाहिजे, ते सुकले की घड्याळाची चाल बिघडते, असे सांगून त्यांनी विचारले, की मधली बारा वर्षे हे कोणी पाहिले कसे नाही?

आम्ही निरुत्तर झालो. लहानपणी आम्ही रोज पाहत असू, की आकाशवाणीच्या बातम्यांपूर्वीचे टोले ऐकताच अण्णा घड्याळ काढून काटे जुळवीत. या नेमाचे आम्हांस मोठे कौतुक. वक्तशीरपणा असावा तर असा, असे आम्ही मित्रांनाही सांगत असू. खरी गोष्ट अशी, की घड्याळ मागे पडत होते आणि ते साफ करून घेण्याचा खर्च अण्णा पुढे ढकलीत होते. ती वर्षे आम्हां तिघा भावंडांच्या शिक्षणाची होती. आम्ही बी.ए. होऊन सरकारी नोकरीस लागलो आणि पहिला पगार घरी धाडला, ते साल १९९३. शेवटची खूण त्याच सालची आहे. अण्णा याविषयी कधी एक शब्द बोलले नाहीत.

सेलचे मशीन बसविले असते, तर बहुधा ते झाकण आम्ही पुन्हा कधी उघडलेच नसते.

काळाच्या ओघात ही घड्याळे मागे पडली हे खरे. १९६९ साली जपानच्या सैको कंपनीने क्वार्ट्झचे पहिले मनगटी घड्याळ बाजारात आणले. आपल्याकडे १९८७ पासून टायटनने त्याची गोडी लावली. अचूकतेत चाव्यांची घड्याळे त्यांच्यापुढे टिकणे शक्य नव्हते. २०१६ च्या जानेवारीत केंद्रीय मंत्रिमंडळाने एच.एम.टी.चा घड्याळ-उद्योग बंद करण्यास मान्यता दिली. त्याच वर्षी गुडगावचे गुरुग्राम झाले. सरकारी सेवेत उमर घालविलेल्या आमच्यासारख्याला त्या निर्णयामागचा हिशेब कळतो. तरी वाईट वाटायचे ते वाटतेच.

असो. वाचकांस आमची एवढीच विनंती, की घरातून दूर येताना आपण जी बंद घड्याळे बरोबर आणली असतील, ती एकदा जाणत्या घड्याळजीकडून उघडून घ्यावीत आणि भिंगातून स्वतः पाहावीत. हे काम जाणणारे हात थोडे उरले आहेत. आमच्या घड्याळजींनी साफसफाई करून झाकणाच्या आत चौथी खूण कोरली. घड्याळ अजूनही दिवसाला अर्धे मिनिट मागे पडते. ते आणखी जुळवून देऊ का, असे त्यांनी विचारले होते. आम्ही नको म्हणालो. सकाळी चावी देताना काटे जुळविण्याचे काम आता आम्ही करतो.