नगरचं बंदर

नगरला (आता अहिल्यानगर) बंदर होतं म्हटलं की नगरकरही हसतात. पण होतं की! चौल. निजामशाहीचे अरबी घोडे तिथे उतरायचे आणि घाट चढायचे.

गेल्या हिवाळ्यात मावसभाऊ क्रूझने मुंबईला आला. थांबा दहा तासांचा आणि हट्ट, "आजोबांचं नगर दाखव." जाऊन-येऊन पाचशे किलोमीटर! बोट थोडीच थांबणार? मग खासगी गाडी ठरवली, रो-रोत चढवली आणि मांडव्यावरून थेट चौल-रेवदंडा.

गंमत बघा, तिथे पाय ठेवायची परवानगी १५२१ च्या सुमारास बुऱ्हाण निजामशहानेच पोर्तुगीजांना दिली. पुढे १५७१ मध्ये मुर्तजा निजामशहाने मोठा वेढा घातला, तरी ते हलले नाहीत. १५९४ मध्ये खाडीपलीकडचं कोर्लईही गेलं. आपल्याला चांदबिबी आणि १६०० साली मोगलांनी घेतलेला भुईकोट तेवढा माहीत. माझ्या मते निजामशाहीच्या हातून समुद्र त्याआधीच निसटला होता.

१७४० मध्ये मराठ्यांना चौल देऊन पोर्तुगीजही गेले. कोर्लईत मात्र त्यांच्या भाषेतून घडलेली बोली अजून बोलतात. गावकरी तिला 'नौ लिंग' म्हणतात, म्हणजे आपली भाषा.