उजळाईवाडी, सांबरा आणि मधले आपण

कोल्हापूरचं उजळाईवाडी आणि बेळगावचं सांबरा. या दोन विमानतळांत सरळ रेषेत शंभर किलोमीटरही अंतर नाही. ताशी पाचशेच्या वेगानं उडणाऱ्या एटीआरला ते जेमतेम बारा मिनिटांचं, चढणं-उतरणं धरा, अर्धा तास.

उजळाईवाडीची विमानसेवा १९३९ची, राजाराम महाराजांच्या काळातली. सांबऱ्याची धावपट्टी ब्रिटिश हवाई दलानं १९४२ मध्ये, महायुद्धाच्या धामधुमीत बांधली. तेव्हा चंदगड बेळगाव जिल्ह्यात होतं. म्हणजे मंडळी, सांबरा आपल्याच जिल्ह्यातलं विमानतळ! १९५६ला राज्य पुनर्रचनेत बेळगाव जिल्हा म्हैसूरकडे गेला, 'चंदगड तालुका वगळून'. त्या तीन शब्दांमुळं आपण मुंबई राज्यात राहिलो आणि कोल्हापूरला जोडले गेलो. चांगलंच झालं, त्याची किंमत बेळगावच्या मराठी माणसाला विचारा.

पण जिल्हा बदलला म्हणून जमीन सरकत नाही. चंदगडहून सांबरा सरळ रेषेत पन्नासेक किलोमीटर, उजळाईवाडी ऐंशीच्या आसपास. गोव्याचं मोपा तर चाळीसच, फक्त मधे सह्याद्री उभा आहे, तिलारीचा घाट उतरल्याशिवाय सुटका नाही.

त्यामुळं मुंबईला विमानानं जायचं तर आपला माणूस शिनोळीवरनं सांबराच गाठणार. शिनोळीपुढं कर्नाटक लागतं, हे एरवी कुणाच्या ध्यानातही येत नाही. सीमेवर तणाव झाला की मात्र आधी एसटी थांबते. डिसेंबर २०२२ मध्ये कर्नाटकात जाणाऱ्या गाड्या बंद झाल्या, आणि त्याच आठवड्यात मोपाचं उद्घाटन झालं.