व्हायरल मार्केटिंग : हॉटमेलचा दाखला
उत्पादनाचे नाव ग्राहकांनीच एकमेकांपर्यंत पोचवावे, अशा योजनेने केलेली प्रसिद्धी. तिचा सर्वांत बोलका दाखला हॉटमेल या मोफत ई-मेल सेवेचा. सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी ती ४ जुलै १९९६ रोजी अमेरिकेत सुरू केली. गुंतवणूकदार टिम ड्रेपर यांच्या आग्रहावरून प्रत्येक ई-मेलच्या तळाशी, तुम्हीही येथे मोफत खाते उघडा, अशा अर्थाची एक ओळ आपोआप जोडली जाऊ लागली. सुमारे दीड वर्षात खातेदार १ कोटी २० लाखांवर गेले आणि डिसेंबर १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्टने कंपनी विकत घेतली. ज्या भारतात हॉटमेलने जाहिरातीवर काहीच खर्च केला नव्हता, तिथेही ती अग्रगण्य ई-मेल सेवा ठरल्याचे ड्रेपर आणि त्यांचे भागीदार स्टीव्ह जुर्व्हेटसन यांनी नोंदवले आहे. या यशाचे श्रेय त्या ओळीच्या शब्दांना देणे चूक ठरेल. ती ओळ ओळखीच्या माणसाच्या पत्रासोबत येत होती, आणि पत्र हाती पडले हाच सेवा चालते याचा पुरावा होता. वस्तू वापरली की नाव आपसूक पुढे जाई. लोक जे एकमेकांना पाठवतात त्यापासून नाव वेगळे काढता येत नसेल, तरच ते लक्षात राहते. गमतीदार चित्रफीत लाखोंनी पाहिली तरी ती कोणाची होती, हे पुष्कळदा कोणालाच सांगता येत नाही.

यावर पहिला आक्षेप असा, की फुकट वस्तू कशीही पसरते. पण ज्युनोची ई-मेल सेवाही मोफत होती. तिने रूढ जाहिरातींवर सुमारे २ कोटी डॉलर खर्चूनही हॉटमेलइतका परिणाम साधला नाही, असे याच दोघांचे म्हणणे आहे. हे आकडे हॉटमेलमध्ये पैसा गुंतवलेल्यांचे आहेत, हे ध्यानात ठेवावे. ज्युनोसाठी वेगळे सॉफ्टवेअर संगणकावर बसवावे लागे, हाही फरक होताच. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : आपण फक्त यशस्वी उदाहरणे मोजतो. शरद गोयल, डंकन वॉट्स आणि डॅनियल गोल्डस्टीन यांच्या २०१२ च्या अभ्यासात ऑनलाइन प्रसाराच्या बहुतेक साखळ्या पहिल्या एक-दोन टप्प्यांतच संपलेल्या आढळल्या. म्हणून वणव्यासारखा प्रसार गृहीत धरून अंदाजपत्रक आखणे धोक्याचे आहे. मात्र प्रत्येक ग्राहकामागे अर्धाच नवा ग्राहक आला, तरी साखळी संपेपर्यंत मूळ संख्या दुप्पट होते, आणि हॉटमेलला त्यासाठी लागली ती जवळजवळ बिनखर्चाची एक ओळ.

नाव सर्वतोमुखी होणे आणि ग्राहक टिकणे या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एप्रिल २००४ मध्ये जीमेल १ जीबी साठवण घेऊन आले, तेव्हा हॉटमेलच्या मोफत खात्यात २ एमबी मिळत असे. जीमेलचे खातेही आरंभी आधीच्या खातेदाराच्या निमंत्रणावरूनच मिळे, म्हणजे प्रसाराची रीत जवळपास तीच होती. २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने हॉटमेलचे उरलेले खातेदार आउटलुक डॉट कॉमवर नेले.